पहिल्या ओळीवरचा श्री

आमच्या छापखान्यात माथा कोरा ठेवून कागद मशीनवर चढत नसे. हिंदूंच्या लग्नपत्रिकेवर श्री, मुसलमानांच्या पत्रिकेवर सातशे शहाऐंशी, बौद्धांच्या पत्रिकेवर बुद्धाचं चित्र. साधं किराणा दुकानाचं बिलबुक असलं तरी बाबा आधी माथा लावायचे आणि मग खालचा मजकूर. कोऱ्या माथ्याने एकच काम निघायचं, ते म्हणजे तेरवीची, माणूस गेल्यावर तेराव्या दिवसाच्या जेवणाची पत्रिका. दुःखाच्या कागदावर श्री घालत नाहीत. त्यामुळे कोरा माथा दिसला की बाबांचा जीव खालीवर व्हायचा. लहानपणी मी निबंध दाखवायला नेला की ते आधी वही वरून तपासत आणि श्री नसेल तर म्हणत, "कोण मेलं बे?"

हा छापखाना धामणगाव बढ्याच्या बाजारओळीत होता. पुढे काउंटर, मध्ये ऑफसेट मशीन, मागे एक खोली. आई गेल्यावर बाबांनी घर भाड्याने दिलं आणि ते त्या मागच्या खोलीतच राहायला आले. मी बुलढाण्याला एका खाजगी कॉलेजात तासिका तत्त्वावर जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकवतो. तासिका तत्त्व म्हणजे वर्षानुवर्षं शिकवायचं आणि दर जूनला पुन्हा नव्याने अर्ज करायचा. रविवारी राजूर घाट उतरून गावी यायचं, बाबांसोबत जेवायचं आणि संध्याकाळची गाडी पकडून परत जायचं, असा माझा शिरस्ता होता.

मोबाइल आला आणि पत्रिकांचं काम बसलं. लोक एकच चित्र बनवून घ्यायचे आणि तेच सगळ्यांना पाठवायचे. देवापुढे ठेवायला आणि घरच्या मोठ्यांना हळदीकुंकू लावून द्यायला थोड्या कागदी पत्रिका लागायच्या, त्या मलकापूरहून मोबाइलवरच मागवल्या जायच्या. बाबांचं मशीन आठवड्यातून एखाद्या दिवशी चालायचं. चाललं नाही तर गंज धरतं म्हणून ते कोरा कागद घालून उगाच फिरवायचे. मागच्या खोलीत माझी झोप त्या आवाजाने मोडायची. नुसत्या कोऱ्या कागदांचा तो खडखडाट मला ऐकवत नसे.

खामगावकडचा एक माणूस जुनी मशीनं विकत घेऊन नेतो, असं बाबांच्या कानावर आलं होतं. गणपतीत त्यांनी मला बसवून सांगितलं, "तुळशीचं लग्न होईस्तोवर पाहू. तवाच पत्रिका निघतात. नाई निघाल्या तं मशीन देऊन टाकतो. मंग मी बी कुठं तरी पडून राहीन."

हे शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं. मशीन गेलं की हा माणूस सकाळी उठून करणार काय, हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं. मी म्हटलं, "बाबा, आपण आपली वेबसाइट करू. लोकांनी मोबाइलवर नावं भरायची, तिथंच पत्रिका तयार होऊन दिसायची, ती सगळ्यांना पाठवायची, आणि कागदी किती पाहिजेत ते खाली लिहायचं. छापायचं आपण."

"तुले येते का हे?"

"मी पोरांना हेच शिकवतो."

"पोरांले शिकवनं येगळं," बाबा म्हणाले. आणि त्यात खोटं काही नव्हतं.

दसऱ्याआधीपासून मी दर रविवारी बसू लागलो. छापखान्यातल्याच कॉम्प्युटरवर सगळं बसवायचं ठरवलं. फायबरची लाइन घेतली. साधी पानं दाखवणारा वेब सर्व्हर पटकन उभा राहिला. पण साध्या वेब सर्व्हरला जावाची पानं कळत नाहीत. आपण लिहून ठेवलेला कोड तो जसाच्या तसा उघडा गिऱ्हाइकाच्या हातात देतो. बाबांनी पहिल्यांदा पान उघडलं तेव्हा पत्रिकेऐवजी माझा सगळा कोड पडद्यावर ओघळला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे तं खिळे न जुळवलेलं कंपोज हाय."

मग मी त्यांना समजावून सांगितलं. जावाची पानं चालवायला आत दुसरा एक सर्व्हर लागतो. त्याचं नाव टॉमकॅट. बाहेरच्याने ऑर्डर घ्यायची, जावाचं काम असलं तर आत द्यायचं, आतल्याने ताजं पान बनवून बाहेर द्यायचं, बाहेरच्याने ते गिऱ्हाइकाला द्यायचं. दोघांची नीट ओळख घालून देणं एवढंच माझं काम.

"म्हंजे तुहा आजा काउंटरवर बसे अन् मी आत मशीनवर, तसं?"

"अगदी तसं."

"मंग भांडनं होतीन," बाबा म्हणाले.

भांडणं झालीच. दोघांनाही एकच दार पाहिजे होतं. एक उठला की दुसरा पडायचा. तो प्रश्न सुटला तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं यायला लागली. वधूपिता प्रश्नचिन्ह, वर प्रश्नचिन्ह. बाबा टॉमकॅटला मांजर म्हणायला लागले. मी बसमधून उतरलो की पहिला प्रश्न, "मांजर उठलं का?" चिडचिड व्हायची, पण खरं सांगतो, आईनंतर इतकं आम्ही कधी बोललो नव्हतो.

पत्रिकेचा फॉर्म बाबांनी सांगितला तसाच केला. वराचं नाव, वधूचं नाव, मुहूर्त हे सगळं नंतर. सगळ्यात पहिला रकाना 'माथ्यावर काय?' आणि तो भरल्याशिवाय पान पुढे जात नसे. ही बाबांची अट होती.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी ते सगळं चाललं. पहिली ऑर्डर धामणगावातल्याच कापडाच्या व्यापाऱ्याची ठरली होती. मी त्यांना चाचा म्हणतो, ते बाबांचे लहानपणचे दोस्त. त्यांच्या तीन पिढ्यांच्या पत्रिका आमच्याकडे छापलेल्या, आणि आता नातीचं लग्न होतं. चाचांनी मोबाइलवर माथ्याला सातशे शहाऐंशी निवडलं, नावं भरली, आणि पत्रिका तयार झाली. त्यांनी ती हात लांब करून पाहिली. "भाई, तेरे बेटे ने तो कमाल कर दी," असं म्हणून ते बाबांच्या पाठीवर थाप मारून गेले. मुलाकडचे भुसावळचे पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे होते. त्यांच्यापुढे मोबाइलवर दाखवून, कागदी किती हव्यात ते ठरवून ऑर्डर पक्की करायची होती.

मी गडबडीत होतो. गाडीची वेळ झाली होती. पडद्यावर वेब डॉट एक्सएमएल नावाची फाइल उघडी होती. बाबांनी विचारलं, "हे काय हाय?"

"हा सगळ्याचा मथळा समजा. मांजर उठलं की आधी हीच फाइल वाचतं, मग बाकीची पानं." आणि मी पिशवी उचलून निघालो.

सोमवारी मी तासावर होतो तेव्हा बाबांचा फोन आला. तास संपवून उचलला.

"पान येऊन नाई राह्यलं."

"काय दिसतं?"

"चार शून्य चार. पांढरं फट." मागितलेलं पान सर्व्हरला सापडलं नाही की हा आकडा येतो.

"लाइट गेली होती का?"

"नाई."

"तुमी काही हात लावला का कशाला?"

"म्या कायले हात लावू? मले काय समजते त्यातलं?"

मी त्यांना मांजर बंद करून पुन्हा उठवायला सांगितलं. मांजराचे संदेश दाखवणारी काळी खिडकी उघडून काय लिहून येतं ते वाचायला सांगितलं. बाबांना इंग्रजी येत नाही, पण अक्षरं सगळी येतात. इंग्रजी पत्रिका त्यांनी एकेक अक्षर जुळवून छापलेल्या आहेत. ते एकेक अक्षर सांगत गेले, मी लिहीत गेलो. ओळी शेकड्यांनी होत्या आणि ते खालून सुरुवात करून वाचत होते. माझा संयम सुटला. "राहू द्या, रविवारी येऊन बघतो," म्हटलं.

"तुहे चाचा येऊन बसले हायेत बे. पाव्हने बी हायेत."

मी काय सांगणार? नवीन जावा आणि जुनं टॉमकॅट यांचं जमत नसेल, असं मला वाटलं, तेच सांगितलं. बाबांनी ते तसंच चाचांना सांगितलं असणार.

पुढच्या रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीने गेलो. बाबा दाराशीच उभे होते. मांजराचं काही विचारलं नाही. मी बसलो आणि संदेश नीट वाचला. सुरुवातीच्या भागात मजकूर चालत नाही, असा काहीसा त्याचा अर्थ होता. असे संदेश जावात हजार कारणांनी येतात. इंटरनेटवर शोधलं तर प्रत्येकाचं वेगळंच. कोणी म्हणे आवृत्ती बदला, कोणी म्हणे अक्षरांची पद्धत बदला. मी ज्या ज्या फायलींना हात लावला होता त्या सगळ्या तपासल्या. वेब डॉट एक्सएमएल मात्र उघडलीच नाही, कारण आदल्या रविवारी ती माझ्या डोळ्यांदेखत चालली होती, आणि त्यानंतर इथे कोणी येणारं नव्हतं.

शेवटी वैतागून जावा आणि टॉमकॅट दोन्ही काढून टाकले. नव्याने बसवले. नुसतं टॉमकॅट उठलं, त्याचं स्वतःचं पान छान दिसलं. बाबा मागे येऊन उभे राहिले होते. मग आमच्या पत्रिकेचा फोल्डर उचलून त्यात ठेवला आणि पुन्हा तेच, चार शून्य चार. दुखणं फोल्डरात होतं आणि मी ते जसंच्या तसं नव्या घरात नेऊन ठेवलं होतं, हे त्या दिवशी सुचलं नाही.

दुपारी चाचा आले. काउंटरपाशी उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"भाई, बुरा मत मान. मेरी मजबूरी हाय. पाव्हने रुकून राह्यले नाई. पोट्ट्याईनं मोबाइलवरच बनवून घेतली, छपाई बी तिकडंच देल्ली."

"माथ्यावर बरोबर घातलं का त्याईनं?" बाबांनी विचारलं.

"डाला है, डाला है."

"मंग झालं," बाबा म्हणाले. चाचांना त्यांनी चहा पाजला. चाचांनी अर्धाच घेतला. ते गेल्यावर बाबांनी दोन्ही कप विसळले आणि पालथे घातले. मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सोमवारी कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा होती, म्हणून मी संध्याकाळच्या गाडीने निघालो. घाटात गाडी चढत होती आणि मला माझ्याच विषयाची शिसारी आली होती. उद्या पोरांना मी हेच विचारणार होतो, सर्व्हर कसा जोडाल ते सांगा.

त्या आठवड्यात तुळशीची लग्नं लागली. कॉलेजच्या गल्लीत फटाके वाजले, ऊस उभे केले होते. मी बाबांना फोन केला.

"आलं का कोणी?"

"नाई."

"मी रविवारी येतो, परत बघतो."

"ये," बाबा म्हणाले. "मशीनवाल्याले मी हो म्हटलं."

मी गेलो तेव्हा मशीन नव्हतं. फरशीवर चार पायांच्या जागा आणि मधे तेलाचा काळा डाग. बाबांनी तो घासायचा प्रयत्न केलेला दिसत होता, बाजूला ब्रश आणि रॉकेलची बाटली होती. खोली एकदम मोठी वाटत होती आणि बोललं की आवाज घुमत होता. मशीन कसं नेलं, दरवाजाची चौकट कशी काढावी लागली, हे बाबा सांगत राहिले. त्यांनी ते दोनदा सांगितलं.

कॉम्प्युटर माझ्या खोलीवर न्यायचं ठरलं. त्याआधी माझी पानं उतरवून घ्यावीत म्हणून मी बसलो. आता कसली घाई नव्हती. एकेक फाइल उघडायची, पाहायची, पेनड्राइव्हवर टाकायची. असं करत वेब डॉट एक्सएमएल उघडली.

पहिल्याच ओळीत, सगळ्यांच्या वर, इंग्रजी जे आणि त्याला लागून एच होतं. दोनच अक्षरं, ओळीच्या बरोबर मधोमध, मुद्दाम जागा सोडून बसवलेली.

परक्या माणसाला वाटलं असतं, चुकून बटणं दाबली गेली. पण मी त्या कीबोर्डवर लहानाचा मोठा झालोय. आमच्या पत्रिकेच्या जुन्या फॉन्टमध्ये ही दोन बटणं लागोपाठ दाबली की श्री उमटतो. फॉन्ट नसेल तिथे दोन इंग्रजी अक्षरं दिसतात, पण बाबांना ती अक्षरं दिसतच नसत. त्यांना तिथे श्रीच दिसे.

मी गेल्यावर त्यांनी दिवाबत्ती केली असेल. पडद्यावर उघडी फाइल पाहिली असेल. मीच सांगितलं होतं, हा सगळ्याचा मथळा आहे आणि आधी हाच वाचला जातो. आणि त्याचा माथा कोरा. दोस्ताच्या नातीच्या लग्नाचं काम आणि वर श्री नाही. त्यांनी तो घातला, फाइल नीट सेव्ह केली आणि समाधानाने झोपले. हात लावला का म्हणून मी विचारलं तेव्हा ते खोटं बोलले नव्हते. देवाला नमस्कार केला म्हणजे हात लावला असं कोणी म्हणतं का?

त्या फाइलीचा नियम मात्र देवाचंही ऐकत नाही. ही फाइल कोणत्या जातीची आहे ते सांगणारी ओळ पहिलीच लागते. तिच्या वर एक अक्षर आलं तरी पुढचं काही वाचलं जात नाही. हे मी दर वर्षी वर्गात शिकवतो.

मी ती दोन अक्षरं पुसली. मांजर उठवलं. पत्रिकेचं पान लख्ख उघडलं, 'माथ्यावर काय?' विचारत. समोर तेलाचा डाग होता आणि पान अगदी व्यवस्थित चालत होतं.

बाबांना हे कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. पण त्यांनी हाताने घातलेला श्री पुसून तसंच उठायला मन होईना. म्हणून ती पहिली ओळ सोडून, तिच्या खाली, सर्व्हरने न वाचता सोडून द्यावं अशा खुणांमध्ये, मी तो पुन्हा लिहिला. दुसऱ्या ओळीवर चालतो. पान पुन्हा उघडून पाहिलं, चालत होतं.

तेवढ्यात बाबा चहा घेऊन आले.

"चाललं की बे हे!"

"हो बाबा."

"काय अडलं होतं?"

"जावाची आवृत्ती," मी म्हटलं. "जुनी-नवी झाली होती."

त्यांनी मान डोलावली. चष्मा वर केला आणि पडद्याजवळ वाकले. पत्रिकेकडे पाहिलं, मग बाजूला उघड्या असलेल्या फाइलीकडे. सगळी हयात प्रुफं तपासण्यात गेलेला माणूस. एक ओळ इकडची तिकडे झाली तर त्यांना मजकूर न वाचताही कळतं.

"हा श्री म्या सगळ्याईच्या वर घातला होता," ते म्हणाले. "खालती काऊन आला?"

मी चहाचा कप उचलला. ते माझ्याकडे पाहत होते. मग पडद्याकडे, मग फरशीवरच्या त्या डागाकडे.

"म्हंजे माह्या श्रीनंच अडलं होतं."

"बाबा, तसं नाही, मीच बघायला—"

"हाव हाव," ते म्हणाले, लहान पोराची समजूत घालावी तसं. स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले. कीबोर्ड स्वतःकडे घेतला, बाणाचं बटण दाबत दाबत दुसऱ्या ओळीवर गेले आणि एकेक अक्षर मागे घेत श्री पुसून टाकला. खुणासुद्धा पुसल्या. ओळ राहिली नाही.

"काऊन पुसला, बाबा? तिथं चालतो तो. आता काही अडत नाही."

"मशीन गेली लेका," बाबा म्हणाले. "आता कायले पाह्यजे? तेरवीच्या पत्रिकेवर श्री घालत नसतात."

त्यांनी फाइल सेव्ह केली, कशी करायची ते त्यांना येत होतंच, आणि चहा गार होईल म्हणाले.